पायथनचा इंट: वेशीच्या आत बिनधास्त

पायथन ३ मध्ये पूर्णांकासाठी एकच प्रकार आहे, इंट. त्याला वरची मर्यादा नाही. मेमरी पुरेल तोवर आकडा वाढतो. जावात ६४ बिटांचा लाँग घ्यायचा की हवा तेवढा वाढणारा बिगइंटिजर, हा प्रश्न इथे पडतच नाही. २१ चं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते २१ चा गुणाकार, काढून बघा. पायथन ५१०९०९४२१७१७०९४४०००० देतो, जे बरोबर आहे. जावाच्या लाँगमध्ये साध्या गुणाकाराने -४२४९२९००४९४१९२१४८४८ येतं, आणि एररसुद्धा नाही. २० पर्यंत सगळं ठीक चालतं, म्हणून छोट्या टेस्टमध्ये हा घोळ सापडत नाही. जावात राहायचंच असेल तर मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट वापरा, ते निदान एक्सेप्शन तरी फेकतं.

या सोयीचे पैसे मेमरीत मोजावे लागतात. सीपायथन, म्हणजे आपला नेहमीचा पायथन, आकडा ३० बिटांच्या तुकड्यांत साठवतो. नुसत्या १ ला २८ बाइट लागतात, २ च्या ३० व्या घाताला ३२. लिस्टमध्ये प्रत्येक आकड्यामागे पॉइंटरचे, म्हणजे त्याच्या मेमरीतल्या पत्त्याचे, आणखी ८. दहा लाख वेगवेगळ्या आकड्यांचे किमान ३६ एमबी झाले. नमपाय या गणिती लायब्ररीच्या ६४ बिटी इंट६४ ॲरेत तेच काम ८ एमबीत होतं. वेगातला फरक तर याहून मोठा.

मर्यादा नाही म्हणताना एक पाचर मात्र आहे. ४३०० अंकांपेक्षा मोठा इंट प्रिंट करायला गेलात तर व्हॅल्यूएरर येतो. ही अट २०२२ मध्ये सुरक्षेसाठी आली. दशमान रूपांतराला लागणारा वेळ तेव्हा अंकांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत होता, त्यामुळे कुणी लाखो अंकांची स्ट्रिंग पाठवून सर्व्हर गुदमरवू शकत होतं. मर्यादा वाढवता येते, पण बाहेरून इनपुट घेणाऱ्या सर्व्हरवर ती वाढवू नका. हेक्समध्ये (१६ च्या पायावर) छापायला ही अट लागत नाही.

खरी गंमत इंट पायथनच्या वेशीबाहेर पडतो तेव्हा सुरू होते. नमपायच्या ॲरेत गेला की तो ६४ बिटांचा होतो आणि त्यात मावेनासा झाला की गुपचूप उलटा फिरतो, वरच्या टोकावरून थेट ऋण आकड्यांत. साधा भागाकार केलात तर फ्लोट, म्हणजे मर्यादित अचूकतेचा दशांश आकडा, होतो: ९००७१९९२५४७४०९९३ ला १ ने भागा, शेवटचा अंक २ झालेला दिसेल. म्हणून दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरा, पण तो खालच्या बाजूला झुकतो हे लक्षात ठेवा: -७ भागिले २ इथे -४, जावात -३.

डेटाबेसमधली फजिती जास्त ओळखीची. मायएसक्यूएलच्या साध्या इंट कॉलममध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होणारे, दहा अंकी, म्हणजे एकही बसत नाही. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा आकडा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर तक्रार न करता सगळ्या ग्राहकांच्या नावापुढे तोच २१४७४८३६४७ बसतो. (मोबाइल नंबरांची बेरीज कोण करतं? व्हारचार, म्हणजे मजकुराचा कॉलम, ठेवा.) रक्कम पैशांत ठेवायची पद्धत चांगली, पण त्याच कॉलममध्ये ती २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर अडते, एखाद्या महागड्या फ्लॅटचा व्यवहारही मावायचा नाही. ६४ बिटांचा बिगइंट कॉलम घेतलात तर ९२ हजार लाख कोटी रुपयांपर्यंत निर्धास्त. जेसन या मजकुरी साच्यातून जावास्क्रिप्टकडे जाणारा आयडी २ च्या ५३ व्या घाताजवळ जाणार असेल तर स्ट्रिंग म्हणूनच पाठवा, तिथे आकडा फ्लोटच होतो.

हिशेब, क्रिप्टोग्राफीचे प्रयोग, स्पर्धेतली गणितं यांना इंटच घ्या. हॅश आणि चेकसम (डेटावरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणा), नेटवर्क प्रोटोकॉल यांना मात्र ठरावीक बिटच हवेत. पायथनमध्ये तिथे प्रत्येक गुणाकारानंतर ३२ बिटांचा मास्क लावून वरचे जादा बिट काढावे लागतात आणि एक विसरला तरी उत्तर चुकू शकतं. अशा कामाला रस्ट बरा, फक्त चाचणीच्या डीबग बिल्डमध्ये ओव्हरफ्लोवर (आकडा मावेनासा झाल्यावर) थांबणारा प्रोग्रॅम वापरात द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये थांबत नाही. कार्गो या रस्टच्या बिल्ड साधनाच्या रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स आधी चालू करा. जिथे आकडा उलटा फिरणं मुद्दाम हवं आहे, तिथे रॅपिंग_मल लिहा.