ड्रुपल ११, काही महिने वापरल्यानंतर: सॉफ्टवेअर दमदार, माणसं कमी

ड्रुपल ११, म्हणजे वेबसाइट बांधायच्या मुक्त सॉफ्टवेअरची अकरावी आवृत्ती, आणि त्यावर उभारलेलं तयार पॅकेज ड्रुपल सीएमएस, दोन्ही काही महिने चालत्या साइटवर वापरल्यावर कोअरबद्दल, म्हणजे मूळ गाभ्याबद्दल, तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. परवानग्यांची रचना काटेकोर आहे, एन्टिटी (लेख, युजर अशा नोंदी) आणि फील्डची (त्यांतल्या रकान्यांची) मांडणी भक्कम आहे, बहुभाषिक साइटसाठी लागणारं बरंचसं आतच मिळतं. अडतं ते कोअरच्या बाहेर. अमुक मॉड्यूल, म्हणजे वरून जोडायचा भाग, ११ वर चालतं का, चालत नसेल तर ते कोण चालतं करणार, आणि टीममधला ड्रुपल येणारा माणूस सोडून गेला तर दुसरा कुठून आणायचा, यातच जास्त वेळ जातो.

हा तुटवडा एका दिवसात आलेला नाही. ड्रुपल ७ पर्यंत बऱ्यापैकी पीएचपी येणारा कुणीही एखादा हूक (आपला कोड जोडायला ड्रुपलने ठेवलेली जागा) धरून मॉड्यूल लिहू शकत असे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ ने सिम्फनी हे पीएचपी फ्रेमवर्क, ट्विग ही टेम्प्लेटची भाषा, सर्व्हिसेस (ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे) आणि ते एकमेकांना पुरवणारं डिपेंडन्सी इंजेक्शन असं सगळं एकदम पुढ्यात टाकलं, आणि त्यापाठोपाठ लागणारी पॅकेजं आणून बसवणारा कंपोझरही गळ्यात पडला. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्यच होता. पण ७ वरून ८ वर जायचं म्हणजे नवी साइट बांधून त्यात जुना मजकूर आणायचा, आणि तेवढा खर्च ज्यांना झेपला नाही ते तिथेच थांबले. त्यांचे डेव्हलपर दुसरीकडे वळले. ७ च्या सपोर्टची मुदत नोव्हेंबर २०२१ वरून ढकलत ढकलत ५ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावी लागली, यातच काय ते आलं.

पुढच्या उड्या त्या मानाने सोप्या आहेत. ११ वर जाण्याआधी साइट किमान १०.३ वर हवी, सर्व्हरवर पीएचपी ८.३ हवं. मग अपग्रेड स्टेटस मॉड्यूल चालवायचं. कुठलं मॉड्यूल तयार आहे, कुठल्या कोडमध्ये कालबाह्य फंक्शन आहे हे ते दाखवतं. आपल्या स्वतःच्या कोडमधले पुष्कळसे बदल ड्रुपल रेक्टर हे टूल करून देतं. कंपोझर अडून बसला तर त्याची ‘व्हाय-नॉट’ आज्ञा नेमकं कोण आडवं येतंय ते सांगते. बुक, फोरम, स्टॅटिस्टिक्स, टूर ही मॉड्यूल ११ च्या कोअरमधून काढली आहेत. ती वापरात असतील तर १० वर असतानाच त्यांची स्वतंत्र आवृत्ती कंपोझरने आणायची, नको असतील तर रीतसर अनइन्स्टॉल करायची. कोड आधी उडवला आणि डेटाबेसमध्ये नोंद राहिली की अपडेट तिथेच अडतं. आणखी एक: ‘कंपोझर अपडेट’ थेट सर्व्हरवर चालवू नये. कमी मेमरीच्या सर्व्हरवर ते मध्येच मरतं. अपडेट आपल्या मशीनवर करून लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये टाकायची आणि सर्व्हरवर फक्त ‘कंपोझर इन्स्टॉल’.

हे सगळं जमलं तरी एखादं मॉड्यूल हमखास मागे राहतं. स्वयंचलित बॉट त्याच्या इश्यूत (अडचणीच्या नोंदीत) बदल तयार करून ठेवतो, पुढे कुणीतरी तपासून ‘आरटीबीसी’, म्हणजे ‘तपासलं, चाचणी झाली’, असा शेराही मारतो. तरी रिलीज काढायला माणूसच लागतो, आणि तो एकटा मेंटेनर (मॉड्यूल सांभाळणारा) कधीच दुसऱ्या कामाला लागलेला असतो. मग लोक मर्ज रिक्वेस्टचा, म्हणजे सुचवलेल्या बदलाचा, दुवा पॅच (दुरुस्तीची फाइल) म्हणून थेट कंपोझरच्या फाइलमध्ये देतात. हे धोक्याचं आहे. त्या दुव्यामागचा मजकूर पुढच्या पुशबरोबर बदलतो. आज चालणारा बिल्ड उद्या मोडतो, किंवा न तपासलेला कोड गुपचूप साइटवर येतो. पॅच उतरवून आपल्या रिपॉझिटरीत ठेवावा, इश्यू क्रमांक नावातच लिहावा.

नवा डेव्हलपर तयार करताना सगळ्यात जड जातं ते कॅशिंग, म्हणजे तयार झालेलं पान साठवून पुन्हा देणं. सिम्फनी किंवा लॅराव्हेल हे दुसरं पीएचपी फ्रेमवर्क येणारा माणूस सर्व्हिसेस लवकर उचलतो, पण रेंडर ॲरेला (पानाच्या भागाच्या वर्णनाला) कॅश कॉन्टेक्स्ट, म्हणजे साठवण कशानुसार वेगळी ठेवायची ती खूण, लावायला विसरतो. मग एका युजरचं नाव दुसऱ्याला दिसतं. स्वतःच्या मशीनवर कॅश बंद असल्याने चूक तिथे पकडली जात नाही. सर्व्हिसेसच्या यामल फाइलमध्ये कॅशेबिलिटी हेडरचं डीबग सुरू केलं की कुठला टॅग (कुठला मजकूर बदलल्यावर साठवण टाकून द्यायची ते सांगणारा) आणि कुठला कॉन्टेक्स्ट लागलाय ते उत्तराच्या हेडरमध्ये दिसतं. पहिल्याच आठवड्यात हे शिकवावं, बाकीचं मागाहून. डिसेंबर २०२४ च्या ११.१ पासून हूक क्लासमध्ये ॲट्रिब्यूट (पीएचपीतली कोडवरची खूण) लावून लिहिता येतात, ही बाहेरून येणाऱ्यांसाठी मोठी सोय झाली. तूर्तास मात्र एकाच प्रोजेक्टमध्ये जुने फंक्शनवाले हूक, टिप्पणीत लिहिलेली जुनी ॲनोटेशन आणि नवे ॲट्रिब्यूट शेजारी शेजारी नांदताना दिसतात, आणि नवख्याला वाटतं यातलं एक चुकीचं असणार.

१५ जानेवारी २०२५ ला आलेलं ड्रुपल सीएमएस हे या तुटवड्यावरचं अर्धं उत्तर. साइट बांधायला डेव्हलपर कमी लागतो हे खरं. रेसिपी, म्हणजे तयार सेटिंगचा संच, लावली की ब्लॉग किंवा कार्यक्रमांची यादी कॉन्फिगरेशनसकट तयार मिळते. रेसिपी लावल्यावर तिची सेटिंग आपल्या साइटची होतात आणि संबंध संपतो. म्हणजे रेसिपीचा कर्ता गायब झाला तरी साइटला धक्का नाही. पण त्याने नंतर केलेली सुधारणाही आपोआप येत नाही. खरी मेख वेगळीच आहे. ड्रुपल सीएमएस बरीच बाहेरची मॉड्यूल सोबत आणतं, आणि ती सांभाळणारे तेच मोजके लोक आहेत. वापरणारे वाढले आणि सांभाळणारे तेवढेच राहिले, तर ओझं त्यांच्याच डोक्यावर.

म्हणून मॉड्यूल निवडताना वैशिष्ट्यांची यादी नंतर वाचा. आधी मेंटेनर किती, शेवटचा कमिट (कोडमधला बदल) कधीचा, स्थिर रिलीज आहे का, सुरक्षा टीमची हिरवी ढाल (तिचं लक्ष असल्याची खूण) आहे का ते पाहा. ती ढाल फक्त स्थिर रिलीजला लागू असते, बीटाला नाही. त्रुटी कळूनही मेंटेनरने हालचाल केली नाही तर सुरक्षा टीम मॉड्यूलला ‘असमर्थित’ ठरवते. त्यानंतर ते काढणं किंवा देखभाल स्वतःकडे मागणं, हे दोनच मार्ग. पन्नास ओळींत भागणार असेल तर मॉड्यूल घेऊच नये.

साइट फील्ड, परवानग्या, भाषा यांच्या गुंतागुंतीची असेल आणि घरात किमान दोन जणांना ड्रुपल येत असेल, तर ११ बिनधास्त घ्या. एकाच फ्रीलान्सरच्या भरवशावर असाल तर नको. आणि अजून ७ वर अडकलेल्या लहान साइटने ११ चा हट्ट धरण्याआधी बॅकड्रॉप पाहावं. ७ पासूनच फुटलेली ही शाखा जानेवारी २०१५ पासून चालू आहे, ७ चा डेटाबेस थेट अपग्रेड करून घेते, आणि ७ चं मॉड्यूल लिहिलेल्या माणसाला तिथला कोड ओळखीचा वाटतो. तिथेही माणसं थोडीच आहेत, पण प्लॅटफॉर्मचा पसाराही तेवढाच लहान आहे.