उन्हासमोरची रानफुलं: १०० मिमी मॅक्रो घ्यावी की ७०-३०० मिमी झूम?

रानफुलांसाठी लेन्स कुठली घेऊ असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, मॅक्रो घे, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स. त्यात चूक काही नाही, पण सकाळच्या कोवळ्या उन्हात, सूर्य फुलाच्या मागे ठेवून फोटो काढायचे असतील तर पैसे टाकायच्या आधी जरा थांबा. माझ्याकडे १०० ची मॅक्रो आणि ७०-३०० झूम दोन्ही आहेत, बरीच वर्षं वापरतोय.

आधी मॅक्रोची बाजू, कारण ती भक्कम आहे. केसर, पाकळीतल्या शिरा, देठावरची लव मागून ऊन आल्यावर जी चमकते ती मॅक्रोत बघावी. झूम तेवढ्या जवळ पोचतच नाही, सेन्सरवर फूल खऱ्या मापाच्या साधारण पाव पट उमटवते आणि थांबते. शिवाय सूर्याकडे तोंड केलं की झूममधल्या एवढ्या काचांमुळे फोटो धुरकट होतो, काळं काळं राहत नाही, माझ्या मॅक्रोत हे बरंच कमी. झूमचं हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं नळकांडं) ७० ला फोटोच्या कडा कापायला नकोत म्हणून आखूड ठेवलेलं असतं, ३०० ला ते जवळजवळ शोभेचंच, त्यामुळे मी सरळ डोक्यावरची टोपी काढून लेन्सवर सावली धरतो. (यूव्ही फिल्टर दोन्हीवरून काढा आणि पुढची काच पुसा, एरवी न दिसणारा बोटाचा ठसा इथे फोटोभर पसरतो.)

एवढं असून माझं मन मॅक्रोवरून उडालं ते दवामुळे.

एकास एक मापात, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं काढायचं तर फूल लेन्सच्या तोंडापासून जेमतेम १३-१५ सेंटीमीटरवर येतं. एवढं जवळ नाही गेलात, नुसतं एक छोटं फूल फ्रेमभर घ्यायचं म्हटलं तरी हातभर अंतरात घुसावंच लागतं. आणि रानफूल काही कुंडीत एकटं उभं नसतं, गवतात असतं, सगळे देठ एकमेकांत अडकलेले, मग ट्रायपॉडचा एक पाय जरा आत सरकवला की एक पातं हलतं, ते दुसऱ्याला लागतं, दुसरं फुलाला, आणि ज्या थेंबांसाठी झोपमोड केली ते टपाटप खाली. फूल तिथेच असतं हो, पण सगळी मजा गेलेली. स्प्रेने पाणी मारून बघा म्हणतात, पण निदान माझ्या डोळ्याला तरी ते मोठे बेढब थेंब लगेच खटकतात. वर आपण जिथे गुडघे टेकले तिथली चार रोपं आडवी झाली ते वेगळंच.

झूमने हेच फूल मी सव्वा-दीड मीटरवरून काढतो, गवताला हात न लावता. दुसरा फायदा बॅकग्राउंडचा, आणि मागून येणाऱ्या उजेडात निम्मा फोटो त्यावरच असतो. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमी सेन्सरवर) ३०० चा कोन आडवा जेमतेम ७ अंश, त्यामुळे लांबच्या झाडीतला सावलीचा एक तुकडा नेमका फुलामागे आणता येतो, कॅमेरा चार बोटं सरकवला की मागचं सगळं बदलतं. मागे अंधार आला की कॅमेरा फसून पाकळ्या जाळतो, म्हणजे पांढऱ्याफटक करतो, मी उणे एक स्टॉपपासून (निम्म्या उजेडापासून) सुरू करतो, आणि लाल-पिवळ्या फुलांना लाल चॅनल आधी उडतो म्हणून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबीवालाच बघायचा.

वाऱ्यात मात्र झूमची गोची होते. ३०० ला शटरचा वेग वाढवावा लागतो, आणि अशा झूमला तिथे लेन्सचं छिद्र फार तर एफ/५.६ एवढंच उघडतं, म्हणजे उजेड कमी. पण मॅक्रोचं जास्त उघडणारं एफ/२.८ तरी कुठे कामी येतं, अगदी जवळ गेलं की फोकसची पट्टी इतकी पातळ होते की शेवटी छिद्र बारीक करून एफ/८-११ वर जावंच लागतं.

झूमनेच आणखी जवळचं हवं असेल तर २ डायॉप्टरची (म्हणजे २ नंबरची) क्लोजअप लेन्स, फिल्टरसारखी, पुढे लावा, ३०० ला फोकस अनंतावर ठेवला की फूल अर्ध्या मीटरवर आणि ०.६ पट. दोन काचांची घ्या, एका काचेच्या स्वस्तातल्याला उन्हात कडांवर जांभळट रंग येतात. एक्स्टेन्शन ट्यूबच्या (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या पोकळ कड्याच्या) नादाला लागू नका, २५ मिलिमीटरची ट्यूब ३०० वर ०.०८ पटच वाढवते, १०० वर तीच पाव पट देते.

किडे, परागकण असलं बारीक काढायचं असेल तर मॅक्रोला पर्याय नाही, तिथे माझं ऐकू नका. बाकी दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी तरी आधी झूम घेईन. माझी मॅक्रो बॅगेत असते, पण दव सुकल्याशिवाय सहसा बाहेर काढत नाही.