.410 मस्केटच्या नावाखाली माझे 39,550 रुपये गेले

जुनी .410 मस्केट, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक, विकायला आहे असं कुणी म्हणालं तर आधी नळीच्या आतला फोटो मागा आणि पैसे सुटायच्या आधी तो मोठा करून बघा.

मस्केटची ओढ ज्याला आहे त्याला फार सांगायला नको. इंग्रजी अमलात .303 ली-एनफिल्ड रायफलची नळी गुळगुळीत करून इशापूरच्या कारखान्यात पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी ही केली. मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच काडतूस, म्हणजे जमावाने हिसकावली तरी फार चालू नये. धक्का सौम्य, बोल्ट मात्र अस्सल एनफिल्डचा. रानडुकरं पीक तुडवतात, माझ्याकडे रीतसर परवाना आहे, मला हवी होती. पण .410 मस्केटही प्रतिबंधित बोअरमध्येच (साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापात) मोडते, हे आधी बघायला हवं होतं.

विकणाऱ्याने आधी टोकन घेतलं, 11,500. मग ‘एनओसी फी’ 18,750. मग वाहतूक आणि विमा 9,300. पुढे फोन बंद.

पहिल्या फोटोत ठोकळा स्पष्ट दिसत होता, म्हणून विश्वास बसला. कुणाचाही बसला असता. पण तिसऱ्या फोटोत नळीच्या आत पीळ होता! गुळगुळीत नळीत रायफलिंगचे आटे कुठून येतील? चौथ्यात तर पाच राउंडच्या क्लिपमधून मॅगझिन भरलं जात होतं. म्हणजे ती सरळ .303, तोही प्रतिबंधित बोअर. ती खरंच घरी आली असती तर आज मी कोठडीत असतो. हे फोटो त्याने रात्री उशिरा, दुसरा हप्ता मागताना, घाई करत पाठवले. ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.’ ही घाई म्हणजेच सापळा.

‘बाजारातलं कुठलंही .410 काडतूस चालतं’ असंही तो म्हणाला. साफ खोटं. मूळ चेंबर (काडतूस बसायची जागा) .303 च्या पुंगळीवरून बनवलेल्या काडतुसाचं, शॉटगनची .410 काडतुसं त्यात बसत नाहीत, चेंबर पुन्हा कापावं लागतं. हे ज्याला माहीत नाही त्याने ती बंदूक हातात धरलेलीच नाही.

परवानाधारकाने खासगीत शस्त्र विकायचं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. ‘आठवड्यात घरपोच’ म्हणणारा चोरच. सरकारी फी कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही.

आणि तक्रार? ठाण्यात पहिला प्रश्न, ‘बंदूक कशाला हवी होती?’ परवाना पुढे ठेवला तरी संशयित मीच. मग म्हणाले, हे सायबरचं काम, तिकडे जा. तिकडे म्हणतात, शस्त्राचा विषय, ठाण्यात जा. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. खातं कुणाचं, हे त्यांना एका क्लिकवर दिसतं, पण सांगायचं नाही! चोराची गोपनीयता जपायची आणि परवानाधारकाला दरडावायचं. या लाजेपोटीच लोक गप्प बसतात आणि तो पुढचं गिऱ्हाईक शोधतो.

पैसे गेल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम गोठायची शक्यता तेव्हाच असते. चॅट पुसू नका. मी आता पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिलाय. पोच हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका, शिक्का आणि तारीख बघूनच बाहेर पडा.