सेप्टिक टाकीची दुरुस्ती : आठ महिने वापरल्यावर

बोअरच्या पाण्याची एच२एस बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर काळी पडणारी तपासणीची बाटली) चोवीस तासांत काळी पडली आणि काम काढावं लागलं. जागा पुण्याजवळची किरकटवाडी, टाकीचं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा बोअरपासून जेमतेम ११ मीटर. २०२५च्या जानेवारीत याच पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, दूषित पाण्याशी जोडला गेलेला मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले होते, तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

टाकी उपसून जेटने धुतली, झाकणं दोन दिवस उघडी ठेवली, ब्लोअर लावला, गॅस मीटरने तपासलं आणि मगच गवंडी आत गेला. सुरक्षेच्या साधनांशिवाय गाळ काढायला माणूस उतरवणं २०१३च्या हाताने मैला सफाईबंदीच्या कायद्याने गुन्हा आहे. प्लास्टर १:३ (सिमेंट : वाळू), वॉटरप्रूफिंग रसायन घालून, दोन थरांत, कोपऱ्यांना गोलाई. नंतर आउटलेटपर्यंत पाणी भरून खडूची रेघ मारली. दिवसभरात पाणी उतरलं नाही.

पण खरा दोष आउटलेटला होता. तिथे टी (इंग्रजी T आकाराचा पाईपचा तुकडा) नव्हताच, सरळ पाईप! पाण्यावर तरंगणारी मळीची साय थेट शोषखड्ड्यात. ११० मिमीचा टी बसवला, खालचा पाय पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे १.२ मीटरला ४० सेंमी. पाय आखूड ठेवला तर साय जाते, फार लांब ठेवला तर गाळ. एवढ्या स्वस्त तुकड्यावाचून टाक्या बांधणाऱ्यांचा राग येतो.

टीमध्ये जाळीचा फिल्टर टाकला. दर तीन आठवड्यांनी तुंबायचा, पैसे वाया गेले असंच वाटलं. हे मत आता बदललंय. एकाच दिवशी वॉशिंग मशीनचे चार घाणे लावल्याने पाण्याचा लोंढा येऊन गाळ ढवळत होता. धुणं आठवडाभर विभागल्यावर फिल्टर चार महिन्यांनी धुवावा लागला.

एवढं करूनही तिसऱ्या महिन्यात बाटली काळीच. मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं, काळ्या पाषाणाच्या भेगांतून नाही. ते तसंच बोअरला मिळतं. प्लास्टरच्या आधी याकडे बघायला हवं होतं. भारतीय मानक २४७० किमान १८ मीटर अंतर सांगतं, भेगाळ खडकात तेही कमीच. शोषखड्डा बुजवला, ३२ मीटरवर उताराच्या बाजूला, जाड माती असलेल्या पट्ट्यात खडी आणि भोकाच्या पाईपांचे उथळ चर काढले, बोअरच्या केसिंगभोवती (वरच्या भागातल्या पाईपभोवती) सिमेंट भरलं, बोअरमध्ये क्लोरिन सोडून पाणी उपसून टाकलं. त्यानंतरच्या दोन्ही बाटल्या स्वच्छ.

सांडपाण्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट मात्र बाटलीत दिसत नाही आणि उकळूनही जात नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, प्रयोगशाळेत ५२ आलं. प्यायला सध्या आरओचं पाणी. पुढचा नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर.