ओला-सुका कचरा: दंड लावावा की दार वाजवावं?

कचरा वेगळा न करणाऱ्या फ्लॅटला दंड लावायचा का, हा विषय पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या वार्षिक सभेत येतो. दोन्ही पद्धती मी आतून पाहिल्या आहेत. सिंहगड रोडच्या आधीच्या सोसायटीत दंड होता आणि मी कमिटीत होतो. आता कोथरूडला सेक्रेटरी आहे. इथे आम्ही दंड ठेवलेला नाही.

दंडाची बाजू हलकी नाही. एकदा ठराव झाला की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, रक्कम सरळ बिलात येते. थकलेल्या मेंटेनन्सवर व्याज लावलं की पैसे वेळेवर येतात, हा दोन्हीकडचा अनुभव. रिनोव्हेशन काढणाऱ्याकडून आधीच अनामत घेतली की राडारोडा पार्किंगमध्ये पडून राहत नाही. या दोन गोष्टींसाठी मी आजही दंडाच्या बाजूने हात वर करीन. थकबाकी खात्यात दिसते आणि कुणाच्या घरी तोडफोड चालू आहे हे सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतं. काही शोधावं लागत नाही.

कचऱ्याच्या पिशवीवर मात्र नाव नसतं, आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणारच याची खात्री किती, यावर तिचा धाक अवलंबून असतो, हे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने 1764 मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे हेल्मेटचं तेच दिसतं. चौकात पोलीस असले की ते डोक्यावर असतं, चौक ओलांडला की पुन्हा हँडलला. नजर जिथवर, धाक तिथवर. मग सोसायटीत ही नजर कुणाची?

आधीच्या सोसायटीत ती कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंची ठरली. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. दंडाची नोटीस गेली की फ्लॅटवाले मीटिंगला येऊन विचारायचे, ‘ही पिशवी आमचीच कशावरून?’ मग पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून पिशवी उघडायची, कुरिअरचं पाकीट किंवा औषधाची चिठ्ठी सापडते का बघायचं, आणि शेवटी ताईंना बोलवायचं. त्या म्हणायच्या, ‘लक्षात नाही, साहेब.’ खरं तर कुठल्या दारातून काय येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दाराची बेल त्यांना वाजवायची असे. प्यायचं पाणी, दिवाळीची बक्षिसी, मुलीच्या शाळेची जुनी पुस्तकं, सगळं त्याच दारांतून येणारं. त्या माणसांविरुद्ध त्यांनी साक्ष द्यावी, अशी आमची अपेक्षा होती.

हळूहळू त्यांनी तक्रार करणंच सोडलं. मिसळलेला कचरा खाली आणून स्वतःच्या हाताने निवडायला लागल्या. डायपर आणि ब्लेडसुद्धा त्यातच. दंडाच्या पावत्या कमी झाल्या आणि मीटिंगच्या इतिवृत्तात ‘सुधारणा’ अशी नोंद झाली.

दुसरा अनुभव भाड्याने राहणाऱ्या मुलांचा. दंड चौघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. ‘पैसे भरतो ना, काका,’ असं ती मुलं अगदी सरळ मनाने म्हणायची, उद्धटपणा नव्हता त्यात. इस्रायलमधल्या हैफा शहरात ग्नीझी आणि रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी पाळणाघरांचा अभ्यास केला होता, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकला तरी तो खाली आला नाही. आधी शिक्षिका खोळंबते याची भीड होती, ती पैसे देऊन फिटली. आमच्याकडे तेच झालं असावं, असं मला वाटतं.

कोथरूडला आम्ही दोघं-तिघं संध्याकाळी दार वाजवतो. हातात पावती नसते, फक्त अडचण काय आहे ते विचारायचं. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुठे ओट्याखाली दुसरा डबा मावत नाही. कुठे आजींना दुधाची पिशवी कशात टाकायची ते कळत नाही. कितीतरी घरांत कचरा बाहेर ठेवतात त्या कामाच्या मावशी, आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तिथे दंड लावला असता तर तो कुणाच्या पगारातून गेला असता, याचा विचार मला फार अस्वस्थ करतो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हेही अशा भेटीतच सांगता येतं. सुका कचरा भंगारात विकून ताईंना चार पैसे मिळतात, हे कळल्यावर काही घरांतून बाटल्या धुऊन यायला लागल्या.

तरीही मिसळलेला डबा आला तर तो उचलला जात नाही, दारातच राहतो. हीही शिक्षाच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इथे पुरावा लागत नाही, कारण डबा ज्याचा त्याच्याच दारात असतो. आणि तो नेऊ नये हा निर्णय कमिटीचा असल्याचं नोटीस बोर्डावर सहीनिशी लावलंय, त्यामुळे बोलणी ताईंना खावी लागत नाहीत.

या पद्धतीला माणसं लागतात, आणि ती थकतात. गणपतीत, परीक्षांच्या दिवसांत फेऱ्या बंद पडल्या की कचरा पुन्हा मिसळायला लागतो. एक-दोन घरं अजून ऐकत नाहीत. तीनशे-चारशे फ्लॅटच्या टाउनशिपमध्ये हे जमेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आमची सोसायटी लहान आहे.

तुमच्या कमिटीचा कल दंडाकडेच असेल, तर ठरावात एक वाक्य घाला: पुराव्यासाठी कचरा घेणाऱ्या ताईंना विचारलं जाणार नाही. मग पिशवी कुणाची हे कोण सांगणार, याचं उत्तर सभेत मिळालं, तर दंड जरूर लावा.