एफसी २४, नऊ महिन्यांनंतर: माझे सगळे खेळाडू डावीकडेच का पळायचे

काल मोबाइलवर कंट्रोलरच्या कंपनीचा मेसेज आला, ‘तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. कृपया आमच्या सेवेला पाचपैकी तारे द्या.’ तक्रार सोडवली पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या एका माणसानं, साडेचारशे रुपयांत, दोन महिन्यांपूर्वी. तारे मात्र यांना हवेत. डोकं फिरलं आणि म्हटलं, आता सगळंच लिहून काढू. शिवाय एफसी २४ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमबद्दल मी ऑफिसात, सोसायटीत आणि सासुरवाडीत जे काही बोललोय, त्यातलं निम्मं मागेही घ्यायचं आहे. उरलेलं निम्मं घेणार नाही.

गेम काय आहे ते सांगत बसत नाही. १९९३ पासून फिफा या नावानं यायचा तोच. गेम बनवणारी कंपनी ईए आणि जागतिक फुटबॉल संघटना फिफा यांचं फाटलं आणि सप्टेंबर २०२३ पासून तो ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाला. आमच्या घरी अजून फिफाच म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील.

मी एफसी २४ घेतला २०२४ च्या दिवाळीत, म्हणजे एफसी २५ येऊन महिना झाल्यावर. मुद्दाम. नवा भाग आला की जुन्या डिस्कला कुत्रं विचारत नाही. एका कॉलेजच्या पोरानं साडेआठशेला दिली, वर खोकं फुकट. ज्यावर तो खेळतो तो पीएस ४, म्हणजे प्लेस्टेशन, सुद्धा ऑफिसातल्या एकाचा वापरलेलाच. त्यामुळे दोन गोष्टी सोसाव्या लागतात. खेळाडूंच्या हालचाली खऱ्या सामन्यांवरून उचलणारं ते हायपरमोशन व्ही प्रकरण पीएस ४ वर येतच नाही, ते पीएस ५ वाल्यांसाठी. आणि संघ त्या वर्षीचेच, म्हणजे आमच्या घरात एम्बापे अजून पॅरिसमध्येच आहे, टोनी क्रूसही निवृत्त झालेला नाही. साडेआठशेत एवढं चालायचंच.

आता मूळ दुखणं.

मी कोल्हापूरचा. शिवाजी पेठेत वाढलो. ज्यांना कोल्हापूर माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जागा धरायला दुपारचं जेवण सोडायचं, असे आम्ही. इतर गावांत तालमीतून पैलवान निघतात, आमच्याकडे फुटबॉलच्या टीमाही निघतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्याच गावचा. तेव्हा पुण्यात जन्मलेल्या, बारा वर्षांच्या, पायानं कधी चेंडू न मारलेल्या माझ्या पोरानं मला ऑफसाइड समजावून सांगावा, हे काही जमणारं नव्हतं. पहिल्याच रात्री म्हणालो, ये समोर.

नऊ-शून्य.

पहिले पंधरा दिवस दोष माझाच होता, मान्य. बटणांचा घोळ कुणी नवखा असेल त्याला सांगून ठेवतो. चेंडू आपल्याकडे असताना चौकोन दाबला की क्रॉस जातो, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू. चेंडू समोरच्याकडे असताना तोच चौकोन दाबला की आपला गडी जमिनीवर आडवा पडून घसरतो. आता मी विंगवरून मस्त वर गेलोय, क्रॉस टाकायला चौकोनावर अंगठा ठेवलाय आणि त्याच क्षणी पोरानं चेंडू काढून घेतला, तर माझा गडी काय करणार? आडवा. हेच आपल्या बॉक्समध्ये झालं की पेनल्टी, आणि वर लाल कार्ड. वर्तुळाच्या बटणाचंही तेच. चेंडू असेल तर शॉट, नसेल तर टॅकल. म्हणजे बोटांनी मेंदूच्या आधी ओळखायचं की चेंडू कुणाचा. चाळिशीत हे जमायला वेळ लागतो, पण जमतं. डिसेंबरपर्यंत मला जमलं.

आणि तरी मी हरतच होतो. तेही विचित्र पद्धतीनं. माझा खेळाडू चेंडू घेऊन उभा राहायचाच नाही, हळूहळू डावीकडे सरकायचा. पास द्यायला जावं तर चेंडू मागे, माझ्याच गोलकीपरकडे. पेनल्टी म्हणाल तर एकूण एक डाव्या कोपऱ्यात. पोराला एवढी सवय झाली की मी धावत येण्याआधीच त्याचा गोली तिकडे झेपावलेला. आणि सगळ्यात मोठं कोडं म्हणजे पहिल्या हाफमध्ये तीन-चार गोल खायचे आणि दुसऱ्या हाफमध्ये मी एकदम बरा खेळायचो. पोरगं म्हणायचं, ‘पप्पा, तुम्ही सेकंड हाफची टीम आहात.’ मीही खूश. स्टॅमिना म्हणतात तो हाच, वगैरे.

मग मी लोकांना विचारलं. ऑफिसातल्या पोरांनी सांगितलं, ‘सर, स्क्रिप्टिंग आहे. गेम ठरवतो कोण जिंकणार ते.’ कंपनीनं हे वेळोवेळी नाकारलंय, पण हरणाऱ्याला कंपनीपेक्षा मित्र खरे वाटतात. मी ती थिअरी उचलली आणि चार महिने ती सगळ्यांना ऐकवली. मेहुण्याच्या पोरासाठी हा गेम घ्यायचं चाललं होतं, तेही मीच मोडलं. ते पोर अजून माझ्याशी धड बोलत नाही.

एप्रिलमधली गोष्ट. मॅचच्या आधी सरावाला एकट्या खेळाडूचं मैदान मिळतं ना, तिथे मी उभा होतो. तेवढ्यात गॅसवाला आला. कंट्रोलर सोफ्यावर ठेवला, सिलिंडर घेतला, सुट्ट्या पैशांवरून थोडं बोलणं झालं, परत आलो. पाहतो तर खेळाडू चालतोय. कुणी हात लावलेला नाही, कंट्रोलर उशीला टेकून निपचित पडलेला, आणि हा पठ्ठ्या संथपणे डावीकडे चालत चालत मैदानाच्या कडेला जाऊन पोचलेला. मी स्टिक उजवीकडे ढकलली, तो वळला. सोडली. दोन पावलं थांबला आणि पुन्हा निघाला डावीकडे, जसा काही तिकडे कुणी जेवायला बोलावलंय.

पोराकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये.

‘हे असं कधीपासून होतंय?’

‘तो तसाच आहे ना पप्पा. डिसेंबरपासून.’

‘आणि तू मला हाच द्यायचास?’

‘दुसरा माझा आहे.’

सगळा उलगडा झाला. बटण दाबताना माझा अंगठा स्टिकवरून सुटतो, नवख्या माणसाचा सुटतोच. स्टिक सुटली की कंट्रोलर स्वतःच डावीकडचा इशारा देत राहायचा. पहिल्या हाफमध्ये माझा गोल डाव्या बाजूला, म्हणजे माझे अकरा जण मला न विचारता घराकडे परतायचे. हाफटाइमला बाजू बदलल्या की तोच दोष मला समोरच्या गोलकडे ओढायचा. माझा स्टॅमिना तो हाच.

आता यातली जास्त लाज वाटणारी बाब. तो दुसरा कंट्रोलर मीच आणला होता. ओरिजिनल महाग वाटला म्हणून कुठल्याशा कंपनीचा सोळाशेवाला. पोरगं दुकानातच म्हणालं होतं, ‘हा नको.’ मी म्हणालो होतो, ‘मला कुठे टूर्नामेंट खेळायचीय?’

सहा महिन्यांची वॉरंटी होती, संपायला अठरा दिवस बाकी. पहिला मेल केला, दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘समस्येचा व्हिडिओ पाठवा.’ पाठवला. ‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा.’ आता खोकं उघडताना कोण शूटिंग करतं? दिवाळीत घराघरांत लाडवांचे डबे उघडले जातात, त्याचंही करतो का आपण? बिल पाठवलं. ‘बिलावरचा शिक्का अस्पष्ट आहे.’ पुन्हा स्कॅन. मग फोनवर एक बाई म्हणाल्या, ‘सर, स्टिक हा वापरानं झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत धरत नाहीत.’ म्हटलं, बाई, कंट्रोलरला स्टिक आणि बटणं सोडून असतं काय? त्यांनी होल्डवर टाकलं. चार मिनिटं संतूर ऐकली. या सगळ्यात अठरा दिवस गेले आणि नवा मेल आला की आपली वॉरंटी संपलेली असल्यानं नवीन कंट्रोलरवर खास आपल्यासाठी वीस टक्के सूट.

यानंतर दीड महिना घरात एकच कंट्रोलर. आणि इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. समोरासमोर खेळता येईना म्हणून आम्ही करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब काढला. नाव शिवाजी पेठ, रोमन अक्षरांत. एक हाफ त्यानं खेळायचा, एक मी. मॅनेजरकी दोघांची. पोरानं पहिल्यांदा विचारलं की तुमच्या तालमीत टीम कोण निवडायचं, पैसे कुठून यायचे. वर्गणीचं सांगितलं. गावाहून आलेली माझी आई तेव्हा पलंगावर पडून टीव्हीकडे बघत होती. म्हणाली, ‘पाटाकडीलची मॅच हाय व्हय रं? मग आवाज कसा न्हाई?’ आवाज मीच बंद केला होता. इंग्रजी कॉमेंट्री डेरेक रे, गाय मोब्रे वगैरे मंडळींची आहे, चांगलीच आहे, पण आमच्या क्लबला ते ज्या अदबीनं बोलतात ते ऐकवत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरच्या कॉमेंट्रीपुढे हे म्हणजे साबुदाण्याची खीर.

जूनमध्ये शेवटी तपकीर गल्ली. गाडी लावायला वीस मिनिटं, काम व्हायला चाळीस. त्या माणसानं कंट्रोलर उघडला, स्टिकचा चौकोनी डबा दाखवला आणि त्याच्या बाजूची हिरवी चकती काढून भिंगाखाली धरली. आत काळी कार्बनची अर्धगोल पट्टी असते, तिच्यावरून एक बारीक पितळी टोक घासत फिरतं. अंगठा कुठे आहे ते कंट्रोलरला यावरून कळतं. मधोमध, जिथे स्टिक सगळ्यात जास्त वेळ असते, तिथे पट्टीवर पांढुरका चरा पडला होता. ‘स्प्रे मारून देऊ का? पन्नास रुपये. पण महिन्यात परत याल.’ दुसरा पर्याय हॉल सेन्सरचा. त्यात लोहचुंबक असतो, घासणारं काही नाही, म्हणून झिजणारंही नाही. भाव विचारला, साडेपाचशे. साडेचारशेवर आणला. त्यानं जुन्या डब्याचे चौदा पाय एकेक करून मोकळे केले, नव्याला डाग दिले, लॅपटॉपला जोडून स्टिक गोल फिरवली आणि मधोमध आणून सोडली. स्क्रीनवरचा ठिपका जिथल्या तिथे. मी ते तीनदा करून बघितलं. त्यानं चौथ्यांदा करू दिलं नाही.

घरी आल्या आल्या मॅच. आमचा नेहमीचा करार असा की त्यानं मँचेस्टर सिटी घ्यायची नाही. त्यांच्या हालांडचं रेटिंग ९१, त्याच्यापुढे माझे बचावपटू म्हणजे सिग्नलला उभी माणसं. मी इंडियन सुपर लीगमधल्याच टीम घ्यायला लावतो, मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा. टीमच्या दर्जाचे तारे कमी, वेग कमी, पण दोघांचं सारखं. चाळिशीतल्या सगळ्या आई-बापांना माझा हाच सल्ला. वेग कमी असला की विचार करायला सवड मिळते, आणि विचारात आपण अजून त्यांच्या पुढे आहोत. ती मॅच दोन-दोन. त्यानंतर आठ आठवड्यांत मी अकरा जिंकल्यात. आधीच्या पाच महिन्यांत किती? एक. तीही वीज गेली म्हणून त्यानं अर्धवट सोडलेली.

तर स्क्रिप्टिंगबद्दल मी जे बोललो ते मागे. मेहुण्याच्या घरी फोन करून तसं सांगितलंय.

अल्टिमेट टीम, म्हणजे गेममध्ये खेळाडूंची कार्डं जमवून टीम बांधायचा प्रकार, त्याबद्दलचं मात्र मागे घेणार नाही. पत्त्याच्या पाकिटासारखं पॅक फोडायचं, आत कोण खेळाडू निघेल ते नशीब, आणि खेळून मिळणारी नाणी पुरेनात तर खरे पैसे देऊन पॉइंट्स घ्यायचे. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्ये असल्या पॅकना जुगारात धरलं आणि २०१९ च्या जानेवारीअखेर तिथे पॉइंट्स विकणं थांबलं. नेदरलँड्समध्ये ईएला एक कोटी युरोचा दंड बसला होता, तो २०२२ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयानं रद्द केला. म्हणजे दोन शेजाऱ्यांचंही एकमत नाही. आमच्या घरी कायदा सोपा ठेवलाय. पॅकवर शक्यता छापलेली असते, ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. भारी कार्डापुढे ‘एक टक्क्याहून कमी’ असं आलं की विचारायचं, शंभर पॅकचे पैसे किती? पोरगं गुणाकार करतं आणि गप्प बसतं. त्यातूनही हट्ट केलाच तर शेवटचा डाव म्हणजे ही कार्डं पुढच्या वर्षीच्या गेममध्ये जात नाहीत. सगळं शून्यावरून. हे ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर माझ्या वडिलांची कळा आली, दुकानदार वजनात मारतोय असं कळल्यावर यायची तशी. वाण नाही पण गुण लागतो.

पॅक आणि मॅचची संख्या बांधून ठेवायला गेममध्येच ‘प्लेटाइम’ आहे, तो लावून ठेवा. आमच्याकडे आठवड्याला बारा मॅच. ऑनलाइनबद्दल मी काहीच सांगू शकत नाही, कारण समोरच्याशी ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचं सबस्क्रिप्शन लागतं आणि ते मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. हरायला घरात माणूस आहे.

नवीन भागाचं विचाराल तर तो मी त्याच्या पुढचा आला की घेईन.

आता एक नवीन भानगड आहे. चुंबकवाली स्टिक पोराला आवडायला लागलीय. म्हणतो, नेम बारीक लागतो. काल क्लासवरून माझ्या आधी घरी आला आणि सोळाशेवाला धरून बसला होता, त्याचा तो ओरिजिनल माझ्यासाठी उशीवर काढून ठेवलेला. मी काही बोललो नाही. जेवणं झाल्यावर माझा कंट्रोलर उचलला, कपाटात बँकेच्या पासबुकांखाली ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.