नगरधन किल्ल्याजवळची चहाटपरी अन् तिथला काळा फळा

पोळ्याच्या आधीच्या रविवारी रामटेकले जाता जाता नगरधनचा किल्ला पाहाले थांबलो अन् परतताना या टपरीवर बसलो. तर्री पोहा मस्त, तर्री झणझणीत, चण्यासकट वरून अजून घालून देतात, चहा मात्र जरा जास्तच गोड. पण मी पाच स्टार देऊन राहिलो ते फळ्यासाठी. भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूनं गावची खबर, ग्रामसभा कधी, कोणाकडे भजन, तान्हा पोळ्याले पोरांनी लाकडी बैल घेऊन किती वाजता जमायचं, सगळं. पोहे खाताखाता एक आजी नातवाकडून वाचून घेत होती, "अजून एकदा वाच बाबू" म्हणे.

टपरीवाल्या काकाजींनी सांगतलं की हे नगरधनच जुन्या वाकाटक राजांचं नंदिवर्धन, राजधानी, उत्खननात प्रभावतीगुप्त राणीची मातीची मुद्रा निघाली ते पण. इतकं नागपूरच्या जवळ आहे अन् आपल्या पोरांले माहीत नाही, याचं खरंच वाईट वाटते.

एकच सांगणं, फळ्यावर पत्र्याचं छप्पर टाका काकाजी, पावसानं खालच्या दोन ओळी पुसल्या होत्या अन् भजनाची वेळच दिसत नव्हती.